मास्तरांना शेडमध्ये नेणारी पोरगी

"बघायला काय पैसे पडत नाहीत, मॅडम."

हे वाक्य म्हणायच्या आधी ती खुर्ची ओढायची. खुर्ची कुणाचीही असो, स्टाफरूममधली असो की कँटीनमधली. ओढणीच्या टोकानं ती पुसायची आणि समोरचा माणूस बसेपर्यंत स्वतः उभी राहायची. कुणी आपल्यासाठी खुर्ची पुसून उभं राहिलं की माणूस अवघडतो आणि बसतो. एकदा तो बसला की हिचं निम्मं काम झालेलं असायचं. मी तिच्या दुपटीहून मोठी, तिची शिक्षिका, कॉलेजात खडूस म्हणून प्रसिद्ध. माझ्याच स्टाफरूममध्ये माझीच खुर्ची पुसून तिनं मला बसवलं होतं, आणि मी निमूट बसले होते. आजही आठवलं की एकटीच हसते.

तिचं नाव सांगत नाही. सांगितलं तर ती शेड तिच्या एकटीची होती असं कुणाला वाटेल, आणि ते तिला मुळीच चालणार नाही. पोरं तिला आपा म्हणायची, तिच्याहून मोठी पोरंसुद्धा. आम्ही प्राध्यापक मंडळी तिच्या माघारी तिला शेडवाली म्हणायचो. शहागंजच्या बाजारात तिच्या अब्बांचं कापडाचं दुकान आहे. लहानपणापासून शाळा सुटली की ती दुकानाच्या गादीवर जाऊन बसायची. माणसाला कसं बसवायचं, केव्हा बोलायचं आणि केव्हा गप्प राहायचं, हे ती तिथंच शिकली. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. येतात आपल्याकडं काहीतरी मागायला, आणि जातात तेव्हा आपल्यालाच काही मिळाल्यासारखं वाटतं.

शेडबद्दल आधी सांगते. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मागं, कँटीनच्या पलीकडं, पत्र्याची एक लांबोडकी शेड आहे. पूर्वी तिथं वाफेच्या यंत्रांची प्रयोगशाळा होती. यंत्रं भंगारात गेली, शेड उरली आणि तिच्यात कबुतरं राहायला आली. मग पोरांनी ती मागून घेतली. कबुतरांना हुसकावलं, भिंती घासल्या, वाळूजच्या कारखान्यांतून टाकून दिलेलं सामान मिळवलं आणि तिथं काहीबाही करायला लागली. पायानं चालणारं कडबा कापायचं यंत्र केलं. पायऱ्या चढणारी चाकाची खुर्ची केली, ती एकही पायरी चढली नाही, पण उतरली मात्र झोकात. बाहेर मोठ्या अक्षरांत 'नवकल्पना केंद्र' अशी पाटी होती. म्हणायचे सगळे शेडच. किल्ली पोरांकडं, नियम पोरांचे. त्यातला एक नियम त्यांना फार प्रिय होता: इथं फळा नको.

दोनएक वर्षं हे बरं चाललं. मग एक दिवस सूचना निघाली. ज्या खोल्यांत वेळापत्रकातले तास होत नाहीत, त्या सत्र संपल्यावर परत घेणार. परीक्षा विभागाला जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला जागा हवी होती आणि त्यांची नजर शेडवर होती. खोल्यांच्या समितीचे अध्यक्ष म्हणजे आमचेच विभागप्रमुख. कडक इस्त्रीचे, शब्दाला पक्के. ते शेडला 'अड्डा' म्हणत. शेड वाचायची तर प्राध्यापकांनी तिथं नेमानं शिकवायला हवं होतं, आणि आमच्यापैकी एकही जण तिकडं फिरकत नव्हता.

पोरांनी अर्थातच मोर्चाची तयारी केली. बजाजनगरचा एक मुलगा होता, तिच्याच वर्गातला, वडील वाळूजला कामगार. घोषणा त्याला जन्मजात येत होत्या. त्याचे फलकसुद्धा लिहून झाले होते.

"नक्को," ती म्हणाली. "मोर्चा काढून खोली मिळेल. सर लोक मिळणार नाहीत."

"आपा, मास्तर लोक येत नसत्यात. आपण लई येळा बोलावलं."

"बोलावलं, हौ. पण काय म्हणून? 'सर, नवकल्पनेवर दोन शब्द बोला.' कोण येईल रे? तू गेला असता का?"

तो म्हणाला, "म्या तर नसतो गेलो." फलक गुंडाळून ठेवले गेले.

त्यानंतर ती जे करायला लागली ते मी तोवर कुणा विद्यार्थ्याला करताना पाहिलं नव्हतं. ती दुसऱ्यांच्या वर्गात जाऊन बसू लागली. होती मेकॅनिकलची, पण सिव्हिलच्या वर्गात शेवटच्या बाकावर ही, केमिकलच्या वर्गात शेवटच्या बाकावर ही. वही नाही, पेन नाही. हनुवटीखाली हात घेऊन नुसती शिकवणाऱ्याकडं बघत राहायची. सिव्हिलचे एक सर माझ्याकडं तक्रार घेऊन आले. "तुमची ती मुलगी माझ्या तासाला येऊन माझ्याकडं टक लावून बघते. मला शिकवायला सुचत नाही."

हा काय प्रकार आहे ते मला तिच्या अब्बांच्या दुकानात कळलं. ड्रेसचं कापड घ्यायला गेले होते. तिचे अब्बा काय पाहिजे म्हणून विचारत नाहीत. पाणी देतात, घरचं विचारतात, आणि बोलता बोलता तुमची नजर मागच्या फळीवरच्या कुठल्या ठाणावर थांबते ते बघतात. मग तेवढं एकच ठाण खाली काढतात आणि गादीवर उलगडतात. दहा ठाणं काढून ढीग घालत नाहीत. मी हिरव्या ठाणाकडं एकदाच पाहिलं होतं. ते समोर पसरलं गेलं आणि मी दुसरं काही बघितलंच नाही.

ती आमच्या वर्गांत बसून हेच करत होती. आमची नजर कुठं थांबते ते पाहत होती.

सिव्हिलच्या त्या सरांकडं ती गेली, खुर्ची पुसली आणि म्हणाली, "सर, परवा काँक्रीट शिकवताना तुम्ही पाणी मारण्यावर आलात ना, तिथं तुमचा आवाज बदलला. तुम्ही घड्याळ बघायचं विसरलात." सर चक्रावले. वीस वर्षांत त्यांना असं कुणी सांगितलं नव्हतं. शेडमध्ये पोरांनी काँक्रीटचे ठोकळे करून ठेवले होते, काही पाण्यात भिजत ठेवलेले आणि काही तसेच उन्हात तापवलेले. शेजारी हातोडा. वरून चादर. "बघायला काय पैसे पडत नाहीत, सर." सर पाच मिनिटांसाठी म्हणून गेले. तिनं चादर काढली. उन्हातला ठोकळा पहिल्या घावाला फुटला. पाण्यातला फुटेना. सरांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि कँटीन बंद होईपर्यंत त्यांचा आवाज बाहेर ऐकू येत होता. पुढच्या आठवड्यात ते अख्खा वर्ग घेऊन आले.

मग माझी पाळी.

मी यंत्रांचं गतिशास्त्र शिकवते. दाते, चाकं, कोण कुणाला फिरवतं आणि किती वेगानं फिरवतं, त्याचं शास्त्र. त्यात मला डिफरन्शियल शिकवायला फार आवडतं. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं आणि आतल्याला कमी. दोन्ही एकाच इंजिनावर फिरतात, तरी भांडत नाहीत, कारण मधे दातेरी चाकांची एक पेटी बसवलेली असते. ती पेटी म्हणजे डिफरन्शियल. माणसाच्या डोक्यातून निघालेल्या सुंदर गोष्टींपैकी ती एक आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. तिची आकृती मी डोळे मिटून फळ्यावर काढते.

पण मी ती पेटी आयुष्यात कधी हातानं उघडली नव्हती.

हे ऐकून हसू नका. मी शिकत होते तेव्हा आमच्या वर्गात मुली नावापुरत्या. वर्कशॉपचा मास्तर भला माणूस होता. प्रत्येक वेळी तो आमच्यासाठी बाक पुसायचा आणि म्हणायचा, "पोरींनो, तुम्ही बसा. हात काळे होतील. पोरं करतील, तुम्ही जर्नल उतरवून घ्या." आम्हाला ती मायाच वाटायची. मायाच होती ती. पण पुढं मी पहिली आले, नोकरी लागली, शिकवायला लागले, आणि पान्याला हात लावायची वेळ आली की काहीतरी निमित्त काढून बाजूला व्हायला शिकले. इतकी वर्षं हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

तिनं मला बोलावलं ते हेच सांगत, की डिफरन्शियलला तुमचा आवाज बदलतो. मी शेडमध्ये गेले. पोरं टेबलाभोवती गोळा झालेली. तिनं चादर काढली. खाली रिक्षाचं जुनं डिफरन्शियल, घासून लख्ख केलेलं. बजाजनगरच्या त्या मुलानं माझ्यापुढं पाना धरला. "घ्या मॅडम, खोला."

मी पाना घेतला आणि पदर सारखा केला. चष्मा पुसला. पुन्हा पदर सारखा केला. पोरांना काही कळलं नाही. तिला कळलं.

"अरे, मॅडमना चहा तरी विचारा," ती एकदम म्हणाली. "जा सगळे, कँटीनमधून चहा आणा. सगळे जा. बिस्किटं पण आणा."

"एका चहाला सगळे कशाला?"

"जा म्हटलं ना!"

शेड रिकामी झाली. तिनं माझ्या हातातला पाना घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि अगदी साळसूदपणे म्हणाली, "मॅडम, खरं सांगू? मला पण हे खोलता येत नाही. पोरांसमोर इज्जत जाईल. ते यायच्या आत आपण दोघी एकदा खोलून बघू का?"

आम्ही दोघींनी ते उघडलं. पहिल्या बोल्टला मी दातओठ खाऊन जोर लावायला गेले, तर तो लोण्यासारखा फिरला. दुसरा तसाच. सगळेच तसे. गंजक्या रिक्षाचे बोल्ट असे फिरत नसतात, एवढं गतिशास्त्र मलाही कळतं. कुणीतरी ते आधी सैल करून, पुन्हा हातानं बसवून ठेवले होते. मी तिच्याकडं पाहिलं. ती वाकून पेटीत बघत होती, पहिल्यांदाच बघत असल्यासारखी. झाकण निघालं आणि आत ती चाकं दिसली, ग्रीसमध्ये माखलेली, एकमेकांत दात रोवून बसलेली. मी बोटानं एक फिरवलं. दुसरं उलट्या दिशेनं फिरलं. मी हजारो वेळा फळ्यावर बाण काढून दाखवलं होतं की ते उलट फिरतं. खरंच फिरत होतं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पाहिलं आणि लगेच चिंधी शोधायला पाठ वळवली.

पोरं चहा घेऊन आली तेव्हा माझे हात कोपरापर्यंत काळे होते आणि मी बोलत होते. त्या दिवशी किती वेळ बोलले ते मला ठाऊक नाही.

पेटी पुन्हा बंद केली तेव्हा एक वायसर, पातळ लोखंडी चकती, उरला. मी पुस्तकातल्या आकृतीच्या क्रमानं भाग बसवत गेले होते, आणि पुस्तकातल्या आकृतीत तो वायसर काढलेलाच नाही. मला वाटलं, आता हसतील. हसलीच, पण टाळ्या वाजवत. तिथं एक रीत होती. जो मास्तर शेडमध्ये काही जोडेल किंवा फोडेल, त्याच्या हातून उरलेला तुकडा दाराशेजारच्या तारेत ओवायचा. सिव्हिलच्या सरांचा काँक्रीटचा खडा तिथं आधीच लटकत होता. त्याच्या शेजारी माझा वायसर लागला. नंतर नंतर तर स्टाफरूममध्ये यावरून चिडवाचिडवी व्हायची. "तुमचं काय उरलं?" "माझं काही उरत नाही." "म्हणजे तुम्ही अजून गेलाच नाहीत." केमिकलच्या मॅडम केवळ या बोलण्याला चिडून गेल्या, आणि मग दर आठवड्याला जायला लागल्या.

असे आम्ही एकेक जण शेडमध्ये शिकवायला लागलो. पण वेळापत्रकात शेडचं नाव घालायचं म्हणजे विभागप्रमुखांची सही लागणार. आणि सत्र संपत आलं होतं.

ती त्यांच्या वर्गात बसून आली. पुन्हा बसून आली. मग माझ्याकडं आली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच खुर्ची न पुसता बसली.

"मॅडम, सरांचा आवाज कुठंच बदलत नाही."

"बदलायचा नाही," मी म्हटलं. "मी त्यांना तरुणपणापासून ओळखते."

"नजर तर कुठं थांबत असेल ना?"

चार दिवसांनी ती धावतच आली. "थांबते! तास संपला ना मॅडम, सगळी पोरं गेली, तरी सर जात नाहीत. शिपायाला फळा पुसू देत नाहीत. स्वतः पुसतात. वरून खाली, सरळ रेषेत. मग मागं सरकून बघतात. अशी नजर…" तिनं स्वतःच मागं सरकून माझ्या कपाटाकडं पाहून दाखवलं. "त्यांची नजर फळ्यावर आहे. आपल्याकडं फळाच नाही."

शेडमध्ये त्यावर जुंपली. फळा नको हाच तर नियम! बजाजनगरचा मुलगा तावातावानं म्हणाला, "आज फळा आणला, उद्या बाकडी येतील, परवा हजेरी. मंग ह्या शेडीत अन् वर्गात फरक काय राह्यला?"

"फरक सर लोकांचा," ती म्हणाली. "वर्गात सर पगारासाठी येतात. इथं मर्जीनं येतील. हाच फरक. ज्याला फळा आवडतो त्याला फळा उलगडून दाखवायचा. आपल्याला काय आवडतं ते दाखवून कसं चालेल?"

पोरांनी फळा करायला घेतला. प्लायवूड आणलं, चौकट ठोकली, भिंतभर मोठा फळा केला. रंग बजाजनगरच्या मुलानं आणला. त्याच्या घरच्या फाटकाला लावून उरलेला काळा ऑइलपेंट. तीन हात दिले. फळा असा चकाकायला लागला की त्यात तोंड दिसावं. सगळे खूष. कापडवाल्याची पोरगी, चमक बघून तीही खूष. उद्या विभागप्रमुखांना बोलवायचं ठरलं.

ते बोलावण्याआधीच आले. परीक्षा विभागाची माणसं टेप घेऊन शेडची मापं काढायला आली होती, गठ्ठ्यांसाठी लोखंडी मांडण्या कुठं बसतील ते बघायला, आणि समितीचे अध्यक्ष म्हणून सर त्यांच्यासोबत होते. मी तिथंच होते. टेप या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणला गेला. पोरं अंग चोरून कडेला उभी. तिनं ओढणीनं एक खुर्ची पुसली. सर बसले नाहीत.

ते फळ्यापाशी गेले. खिशातून खडू काढला. त्यांच्या खिशात नेहमी खडू असतो. त्यांनी रेघ ओढली. खडू कचकन घसरला, रेघ उमटलीच नाही. त्यांनी पुन्हा ओढली. पुन्हा तेच.

"हा फळा आहे?" सर म्हणाले. "याच्यापुढं दाढी करा."

परीक्षा विभागाची माणसं हसली. तिचा चेहरा उतरला. अशी मी तिला त्याआधी कधीच पाहिली नव्हती, नंतरही नाही. ती भिंतीला टेकली आणि खाली बघायला लागली. ओठ घट्ट मिटलेले. आता सगळं गेलं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मला इतकं वाईट वाटलं की मी काहीतरी बोलायला पुढं झाले. काय बोलणार होते देव जाणे.

पण सर अजून फळ्यावरून हात फिरवत होते.

"कुणी लावला हा रंग?"

"म्या," बजाजनगरचा मुलगा म्हणाला.

"खडू लिहितो म्हणजे काय होतं?"

पोरं सरांच्या हातातल्या खडूकडं बघायला लागली.

"अरे, रोज बघता ना? खडू लिहितो म्हणजे काय होतं?"

"झिजतो, सर," ती हळूच म्हणाली.

"झिजतो! फळा खडूला खातो. खायला दात पाहिजेत. हे गुळगुळीत करून तुम्ही त्याचे दात पाडलेत." त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "पॉलिश पेपर आहे का? खरखरीत. आणि तो टेप आधी बाजूला घ्या, मधे येतोय."

टेप बाजूला झाला. सरांनी घड्याळ काढून खिशात घातलं आणि पॉलिश पेपर हातात घेतला. वरून खाली, सरळ रेषेत. मग पोरांच्या हातात दिला. कुठं जास्त घासलं, कुठं कमी, ते फळ्यावर गाल टेकवून, तिरपं बघून सांगत होते. मधेच थांबून दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले की नेमकं काय होतं ते समजावत होते. ब्रेक का लागतो, टायर का धरतो, बेअरिंगला तेल का लागतं, सगळं त्या एका फळ्यावरून. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः बाजारातून फळ्याचा खास रंग आणला. तो वाळल्यावर खडू आडवा धरून सगळा फळा पांढरा केला आणि पुसला, म्हणजे फळा 'मुरतो' म्हणे. मला हे माहीत नव्हतं. नवा फळा कसा मुरवायचा, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

समितीची बैठक झाली तेव्हा मी हजर होते. शेडचा विषय निघाला. परीक्षा विभागानं मापं वाचून दाखवली. सर चहा पीत होते.

"ती खोली देता येणार नाही," ते म्हणाले. "मंगळवारी आणि गुरुवारी तिथं माझा तास असतो."

"पण सर, आपणच तर त्याला अड्डा…"

सरांनी कप खाली ठेवला आणि पुढचा विषय वाचायला सांगितला. वेळापत्रकात शेडचं नाव लागलं.

पुढच्या वर्षी ती पास होऊन बाहेर पडली. वाळूजला एका कारखान्यात लागली. विभागप्रमुख निवृत्त झाले, तरी त्यांचे शेडमधले तास थांबले नाहीत. पोरांनी विनंती केली आणि ते येत राहिले. मी तर आता माझा निम्मा विषय तिथंच शिकवते. माझ्या वर्गातल्या एकाही मुलीला मी बसून जर्नल उतरवू देत नाही. हात काळे झाल्याशिवाय सोडत नाही. याबद्दल मुली माझ्या नावानं बोटं मोडतात म्हणे. मोडोत.

मध्यंतरी एका गुरुवारी, दुपारी, पहिली पाळी सुटल्यावर ती कंपनीच्या कपड्यांतच कॉलेजात आली. छातीशी ओळखपत्र, कपाळाला घाम. आम्ही दोघी शेडकडं चालत गेलो. आत सरांचा तास चालला होता. दारात नव्यानं आलेली, पहिल्या वर्षाची एक मुलगी उभी होती. तिनं मला वाट दिली आणि आपाला हात आडवा केला.

"ताई, बाहेरच्यांना नाही सोडता येणार. तास चालू आहे. आत जागापण नाही."

मी तोंड उघडलं. त्या पोरीला मी चांगलं सुनावणार होते. पण आपानं माझा दंड घट्ट धरला आणि मला बाजूला, भिंतीच्या सावलीत नेलं.

"नक्को मॅडम. सांगू नका तिला काही."

"अगं, पण तिला माहीत तरी पाहिजे…"

"ऐकलं का, ती काय म्हणाली? तास चालू आहे म्हणाली!" तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "जागा नाही म्हणाली!"

पत्र्याला टेकून आम्ही आतलं ऐकत उभ्या राहिलो. थोड्या वेळानं मी तिला सांगितलं की नोकरीची माझी शेवटची वर्षं तू मला दिलीस, आधीची नुसतीच गेली होती. ते बोल्ट आधी सैल कुणी केले होते तेही मला ठाऊक आहे, म्हटलं. तिनं तोंडावर ओढणी धरली आणि मान हलवत राहिली. नाही म्हणत होती की हो, ते मी विचारलं नाही. घरी अब्बा वाट बघत असतील म्हणून ती निघाली. मागं वळून पाहिलं नाही तिनं, भरभर चालत गेली.

दारातली ती मुलगी माझ्याजवळ आली. आपल्या हातून काहीतरी चुकलं असं तिला वाटत असावं.

"मॅडम, त्या ताई कुणाला भेटायला आल्या होत्या?"

"तुलाच," मी म्हटलं.

तिला काही कळलं नाही. ती पुन्हा दारात जाऊन उभी राहिली.